नांगरामागे मानिशाक

माझ्या सासूला आवाज होता. कसा, तर ती अंगणातून कोंबड्यांना बोलवायची आणि खालच्या आळीतल्या कोंबड्यासुद्धा कुंपणावरून उड्या मारून हजर व्हायच्या. मागोमाग त्यांच्या मालकिणी यायच्या. मग भांडण, मग कॉफी. आमच्या तांझाब्लूर गावात मैत्री अशीच जुळायची.

तिचं नाव मानिशाक. मी लेनिनाकानची, शहरातली. लग्न होऊन लोरीच्या पठारावर आले तेव्हा पहिल्या दिवशी मी तिला मोठ्या अदबीनं "तुम्ही" म्हणाले. ती म्हणाली, "मी काय सामुदायिक शेतीची अध्यक्ष आहे? नानी म्हण, 'तू' म्हण. आणि ते पातेलं असं छातीशी धरू नकोस, बाळ आहे का ते?" आमच्याकडे घरातल्या थोरल्या बाईला नानी म्हणतात आणि थोरल्या पुरुषाला आपी. नानी बुटकी, आडवी, गालांवर कायम चुलीची लाली. रागावली की घर डोक्यावर घ्यायची आणि हसली तरी घर डोक्यावरच. लोक म्हणायचे, आर्पिकला सासुरवास असेल. कसला सासुरवास! मीही काही मुखदुर्बळ नव्हते. आम्ही दोघी बोलायला लागलो की माझा नवरा गोठ्यात जाऊन बसायचा.

आपी म्हणजे माझे सासरे, हाम्बो. उंच, मिशाळ, ताठ. गावात त्यांना मान होता तो नांगराच्या गाण्यामुळे.

आमचा जुना नांगर म्हणजे खेळणं नव्हे हो. इथली जमीन काळी, चिकट. चार घरांचे बैल आणि रेडे एकत्र करून सहा-सहा, आठ-आठ जोड्या जुंपायच्या. मागे रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, धरून नांगऱ्या चालायचा आणि पुढे जुवावर हाकणारे बसायचे, नांगऱ्याकडे तोंड करून. नांगऱ्या गायचा, जुवावरचे "हो!" म्हणून साथ द्यायचे. गाणं म्हणजे निम्मी प्रार्थना, निम्म्या शिव्या. देवाला म्हणायचं, सूर्य लवकर वर आण. बैलाला म्हणायचं, तुझ्या आईनं काय खाऊन तुला जन्माला घातलं रे. मान सगळा नांगऱ्याचा. बांधावर भाकर आधी तो मोडणार, मग बाकीचे. जुवावर बसणं ही सगळ्यात खालची पायरी. बायकोमुलांचा बाप्या तिथं बसला तर त्याच्या नातवंडांपर्यंत चिडवणूक पोचायची. आणि बाईनं रुमण्याला हात लावणं? नावच नको.

पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले, नांगर वखारीत गंजत पडला. पण गाणं आपींकडे राहिलं. गावात लग्न असलं की मटण उकळून पानात पडायचं, तुतीची दारू फिरायची आणि कुणीतरी म्हणायचंच, "हाम्बो, होऊन जाऊ दे!" आपी उभे राहायचे, प्याला उंच धरायचे. "हे माझ्या बापाचं गाणं! दावोचं!" असं म्हणून डोळे मिटायचे आणि गायचे. खोटं कशाला बोलू, सुरेख गायचे. गाणं वर चढताना एका जागी असं काही वळायचं की माझ्या अंगावर काटा यायचा. पुरुष रडायचे. नानी तेवढ्यात नेमकी भाजीपाल्याचं ताट आणायला आत जायची.

एकदा गोठ्यात गेले तर नानी म्हशीखाली बसून धार काढत होती आणि गुणगुणत होती. तेच गाणं. तेच वळण, पण असं की आपींचं त्यापुढे मला शिळं वाटलं. म्हैस डोळे मिटून उभी.

"नानी, हे तर आपींचं गाणं!"

तिचा हात थांबला. "आपींचं?" ती म्हणाली. "हो, आपींचंच. जा, दुसरी बादली आण."

मी बादली आणली. ती पुन्हा धार काढायला लागली. पण पोटात काही ठेवणं हा तिचा स्वभावच नव्हता. बादली अर्धी भरली नसेल तोवर सगळं बाहेर आलं.

तिचा बाप मातेवोस गावच्या चर्चात गायचा. पहाटेचं स्तोत्र त्यानंच उचलायचं, असा त्याचा गळा. नानी लहानपणी दाराशी उभी राहून ते ऐकायची. मग सरकारनं चर्च बंद केलं, घंटा उतरवली, आत गव्हाची पोती रचली. आणि एका वसंतात मातेवोसला घेऊन गेले. कुठं, कशासाठी, कुणी सांगितलं नाही. तो परत आला नाही. त्याचं नाव घरातसुद्धा हळू आवाजात घ्यायचं, असं तिच्या आईनं बजावलं होतं.

"मग लढाई लागली," नानी म्हणाली. "पुरुष सगळे गेले. जमीन काय लढाई संपायची वाट बघते? बायकाच जुवावर बसलो. रुमणं कुणी धरायचं? मी आडदांड, मी धरलं. पण गाणं येत कुणाला होतं! नांगराच्या पहिल्या तासाला, पहिल्या रेघेला, मी नुसती बोंबलत होते. बैल ढिम्म. उजाडत होतं बघ, आणि तोंडात आपसूक बापाचं पहाटेचं स्तोत्र आलं. नाझलू म्हणून म्हैस होती पुढच्या जोडीत. तिनं कान हलवले आणि चालायला लागली. ती चालली तशी सगळी रांग चालली. मग काय, शब्द बदलले मी. येशूच्या जागी बैल घातला. देव मला माफ करो! चाल तीच ठेवली. भर शेतात, भर दिवसा, चार वसंत मी चर्चातलं स्तोत्र म्हटलं आणि अध्यक्षाला वाटलं बाई बैल हाकतेय."

असं म्हणून ती इतकी हसली की म्हैस दचकली.

"आणि आपी?"

"आला परत. पदकं छातीवर. दुसऱ्या दिवशी माझ्या हातातून रुमणं घेतलं. रीतच होती ती, मी दिलं. गायला लागला आपल्या बापाचं गाणं. बैल उभे! हा गातोय, बैल मागे वळून माझ्याकडे बघतायत. त्यांना माझीच सवय ना. अख्खं गाव बांधावर लोळून हसलं. बिचारा घरी आला तो जेवलाच नाही."

"मग?"

"मग काय, मी शिकवलं त्याला माझं गाणं. नवरा आहे, टाकून देऊ? शिकला. बैल चालले. जुवावरच्या बायका जाणत होत्या, पण कुणी बोललं नाही. मला म्हणाला, 'ए बायको, आता तू शेतात तोंड उघडू नकोस, बैल घोटाळतात.' " नानीनं बादली उचलली. "बैल कुठले घोटाळतायत! लोक घोटाळले असते."

माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे इतकी वर्षं आयत्या पिठावर रेघोट्या! आणि वर 'माझ्या बापाचं'!"

"ए, तुझ्या सासऱ्याबद्दल बोलतेयस," नानी म्हणाली. "जिभेला काही हाड आहे का? बाहेर एक शब्द काढलास तर बघ."

मी नाही काढला. पण त्यानंतर लग्नात आपी गायला उभे राहिले की मीही नानीबरोबर ताट आणायला आत जायला लागले.

दोन-तीन वर्षांनी येरेवानहून वार्सेनिकबाई आल्या. चाळिशीच्या, पायात पुरुषी बूट, खांद्यावर पेटीएवढं आवाज टिपणारं यंत्र. खेडोपाडी हिंडून जुनी गाणी गोळा करायच्या. आमचा अध्यक्ष निकोल फुगून गेला. "आमच्याकडे हाम्बो आहे! वंशपरंपरेचा नांगऱ्या!" बाई म्हणाल्या, "छान. पण मी जेवणाच्या टेबलावर टिपत नाही. टेबलावर माणसं लोकांसाठी गातात. मला नांगरामागचं हवं, बैलांसाठी म्हटलेलं."

झाली पंचाईत. बैल आणायचे कुठून? पठारापलीकडे रशियन लोकांचं गाव आहे, दाढीवाल्या, देवभोळ्या लोकांचं. तिथल्या येगोरकडे अजून दोन जोड्या होत्या. निकोलनं निरोप धाडला. वखारीतला नांगर काढून फाळ घासला. आपींनी पदकं घासली.

आदल्या दिवशी आम्ही भट्टीत लवाश, म्हणजे आमच्या पातळ भाकऱ्या, भाजत होतो आणि नानीनं एक लवाश जाळला. मग दुसरा. तिच्या हातचा लवाश जळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"काय झालं, नानी?"

"उद्या ते गाणं यंत्रात जाईल," ती भट्टीकडे बघत म्हणाली. "यंत्र येरेवानला जाईल. तिथं कायमचं लिहून ठेवतील, दावोचं गाणं. दावो! अगं, तो मेंढ्यांना हाक मारायचा तर मेंढ्या उलट्या पळायच्या. माझ्या बापाला कबर नाही, आर्पिक. एक फोटो होता तो आईनं भीतीनं जाळला. त्याचा म्हणून एवढा गळाच उरलाय जगात. तो उद्या दुसऱ्याच्या बापाच्या नावावर जाणार."

"मग सांग ना सगळ्यांना!"

"नवऱ्याला भर गावात खोटं पाडू? ते माझ्यानं नाही व्हायचं." तिनं जळलेला लवाश कोंबड्यांपुढे फेकला. "त्याचं त्याला सुचलं तर बरं. पण पुरुषांना आपण होऊन काय सुचतं? भूक लागलेली सुचते."

आणि हसली. पण डोळे पुसले ते काही धुरानं नव्हे, मला कळत होतं. 

सकाळी सगळं गाव शेतावर. येगोर बैल घेऊन आला, तांबडे, धिप्पाड. दोन जोड्या जुंपल्या. जुवावर बसायला कुणी तयार होईना, म्हणून येगोर बैलांच्या कडेनं उभा राहिला. वार्सेनिकबाईंनी यंत्र चालू केलं. आपींनी रुमणं धरलं, घसा खाकरला आणि गायला लागले.

बैल हलले नाहीत.

आपींनी पुन्हा सुरुवात केली. बैल रवंथ करत उभे. आपींनी गाण्यातच दोन शिव्या घातल्या. एका बैलानं शेपूट उचललं आणि आपलं काम उरकलं.

"अहो, त्यांना आर्मेनियन कळत नाही!" येगोर आमच्या भाषेत ओरडला. "थांबा!" आणि रशियनमध्ये काहीतरी डरकाळी फोडली. बैल ताडकन निघाले. आपी तोल जाऊन रुमण्याला लोंबकळले, पण गाणं सोडलं नाही हं. मग पुढे येगोरची रशियन बोंब, मागे आपींचं गाणं, मध्ये कुत्री भुंकतायत, अशी वरात शेताच्या टोकापर्यंत गेली. लोकांची हसून मुरकुंडी वळली. वार्सेनिकबाईसुद्धा यंत्रावर डोकं टेकून हसत होत्या.

मग त्या डोळे पुसत आपींजवळ गेल्या. "आजोबा, गाणं फार सुंदर आहे. आपण पुन्हा करू. पण मला एक सांगा. वर चढताना तुम्ही जे वळता ना, ते मी दुसऱ्या कुठल्या नांगऱ्याकडे ऐकलं नाही. ते वळण पहाटेच्या स्तोत्रातलं आहे. चर्चातलं. जुनं, फार जुनं. तुमच्या घरात चर्चात गाणारं कोण होतं?"

चर्चचा शब्द निघाल्याबरोबर निकोलला खोकला आला. त्याला तो नेहमी तेव्हाच यायचा.

 म्हातारेकोतारे एकमेकांकडे बघायला लागले. दावो चर्चात आयुष्यात दोनदा गेला, एकदा नामकरणाला आणि एकदा लग्नाला, आणि दोन्ही वेळा त्याला न्यावं लागलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हाम्बोचा बाप ना?" निकोल घाईनं म्हणाला. "तो रस्त्यानं जाता-येता ऐकत असेल. लिहून टाका, बाई, दावो. संपलं."

वार्सेनिकबाईंनी आपींकडे बघितलं. "दावोच लिहू का?"

एक "लिहा" म्हटलं की काम झालं असतं. माझी जीभ मला आवरेना. मी पुढे झाले, तोच नानीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर निळं होतं. ती स्वतः मात्र कुणाकडेच बघत नव्हती. हात एप्रनखाली गुंडाळून जमिनीकडे बघत उभी होती. माझ्या सासूला मान खाली घालून उभी राहिलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

आपींनीही पाहिलं. त्यांनी रुमणं सोडलं. मला वाटलं, रागावून घरी चालले. पण ते नांगराला वळसा घालून पुढे गेले, पुढच्या जोडीच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला, एक पाय उचलला, जमेना, येगोरनं खालून रेटा दिला, आणि आमचे सत्तरीचे आपी, पदकांसकट, जुवावर चढून बसले. नांगराकडे तोंड करून.

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे हाम्बो, उतर खाली! आता काय बायको हाकणार तुला?"

"पंचवीस वर्षं हाकतेय," आपी म्हणाले. "तुम्हाला आज दिसतंय एवढंच."

हशा पिकला. आपी हसले नाहीत. "ए बायको," ते म्हणाले, "ये. धर रुमणं. गाणं तुझं आहे. बैलांना तेव्हाच कळलं होतं, मला कळून वळलं नाही." मग वार्सेनिकबाईंकडे बघून म्हणाले, "दावो लिहू नका. माझ्या बापाला गाता येत नव्हतं."

नानी जागची हलेना. मी तिला मागून ढकललं. हो, सरळ ढकललं, तेवढा चिमट्याचा वचपा काढायचाच होता. ती चार पावलं गेली आणि मग तिचे पायच तिला घेऊन गेले. एप्रन खोचला, तळहातांवर थुंकून हात चोळले. म्हणाली, "ए माणसा, पडशील तिथनं."

"पडलो तर उचल. तू गा."

आणि ती गायली. काय सांगू! पठाराच्या पलीकडच्या गावात ऐकू गेलं, असं नंतर तिथले लोक सांगायचे. बैल सुरुवातीला उभेच. मग तिनं गाण्यातच त्यांची हजेरी घेतली: अरे दाढीवाल्याच्या लेका, माझी भाषा तुला येत नाही तर नसू दे, माझं दुखणं तरी तुला कळू दे! जुवावरून आपी ओरडले, "हो!" तिनं ते वळण घेतलं, वर, आणखी वर. आपी पुन्हा, "हो!" मला आईशप्पथ सांगते, त्या तांबड्या बैलानं कान हलवले, मान खाली घातली आणि ओढायला लागला. येगोर तोंडातून चकार शब्द न काढता उभा होता. फाळ जमिनीत शिरला. काळी माती उलटी पडत गेली आणि ओल्या मातीचा वास सुटला. दर ओळीला म्हाताऱ्याचं "हो!", धापा टाकत, पण एकही चुकलं नाही. टोकाला वळेपर्यंत सगळं गावच "हो!" म्हणायला लागलं होतं. मी तर रडत होते आणि हसतही होते, मला काही सुधरत नव्हतं.

शेताच्या टोकापर्यंतचा नांगराचा तास पुरा झाला. नानी धापा टाकत थांबली, घामानं निथळत होती. वार्सेनिकबाई यंत्र घेऊन मागोमाग पळतच आल्या होत्या. त्यांनी मायक्रोफोन तिच्या तोंडापुढे धरला.

"नाव सांगा, नानी."

"मानिशाक."

"गाणं कुणाकडून शिकलात?"

निकोलला खोकला आला.

"पाणी पी, निकोल," नानी म्हणाली. मग मायक्रोफोनकडे वळली आणि एक दीर्घ श्वास घेतला. "माझ्या बापाकडून. मातेवोसकडून. या गावच्या चर्चात तो पहाटेचं स्तोत्र म्हणायचा."

म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. त्याला नेल्यापासून त्या नावाचा उघड्यावर उच्चार कुणी केला नव्हता. तिनंही नाही.

"आलं का यंत्रात?" तिनं विचारलं.

"आलं, नानी. अगदी स्वच्छ आलं."

"तरी बंद नको करूस, पोरी. राहू दे चालू." आणि नानी पुन्हा म्हणाली, या खेपेला सगळ्या शेताला ऐकू जाईल अशी, "मातेवोस!"

"हो!" जुवावरून आपी ओरडले.